हिमयुगांचा गणिती

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठी दाल्य नावाचे एक गाव आहे. ते आज क्रोएशिया देशात मोडते. पूर्वी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. या गावी एका सुखवस्तू सर्बियन कुटुंबात २८ मे १८७९ रोजी मिलुतिन मिलान्कोविच यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. आई, आजी आणि मामा यांनी त्यांचा सांभाळ केला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. पुढे ओसियेक या जवळच्या शहरातील विद्यालयात त्यांना गणिताची गोडी लागली, ती जन्मभर टिकली.

व्हिएन्ना येथे स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करून १९०४ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळवली. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे बांधकाम त्या वेळी नवीन होते. मिलान्कोविच यांनी अशी धरणे व पूल बांधण्याच्या कामी चांगला लौकिक मिळवला. परंतु त्यांचे मन तेवढ्यावर संतुष्ट नव्हते. १९०९ साली बेलग्रेडच्या विद्यापीठाकडून प्राध्यापकपदासाठी बोलावणे येताच व्हिएन्नातील भरभराटीचा व्यवसाय सोडून ते सर्बियात गेले.

ज्यावर सारे आयुष्य वेचावे असा एखादा मोठा प्रश्न ते शोधत होते. तो त्यांना हिमयुगांच्या रूपाने सापडला. एके काळी उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका यांचा फार मोठा प्रदेश बर्फाच्या प्रचंड थरांखाली गाडला गेला होता, आणि असे एकदाच नव्हे तर अनेकदा घडले होते, हे भूशास्त्रज्ञांना कळून चुकले होते. पण हा बर्फ का वाढला आणि का ओसरला, हे कोणास नीट सांगता येत नव्हते. ग्लासगो येथील एका संस्थेत पहारेकऱ्याचे काम करता करता स्वतःच्या बळावर विज्ञान शिकलेल्या जेम्स क्रॉल यांनी १८६४ साली याचे कारण पृथ्वीच्या गतींत शोधले होते. मात्र त्या काळी पुरेशी अचूक गणिते नव्हती.

पृथ्वीच्या या गती तीन प्रकारच्या आहेत. सूर्याभोवतीची तिची कक्षा कधी जवळजवळ वर्तुळाकार, तर कधी किंचित लांबट होते; या बदलास सुमारे एक लाख वर्षे लागतात. पृथ्वीचा कललेला अक्ष सुमारे ४१,००० वर्षांत थोडा अधिक व थोडा कमी कलतो. शिवाय घुमणारा भोवरा जसा डुलतो तसा हा अक्षही सावकाश डुलत असतो. आपल्या पंचांगकर्त्यांना ही गती अयनचलन म्हणून परिचित आहे. ऋतूंवरील तिचा परिणाम सुमारे २३,००० वर्षांनी पुन्हा येतो. या तिन्हींमुळे पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांस कोणत्या ऋतूत किती ऊन मिळते, याचे प्रमाण बदलते. तेव्हा प्राचीन काळी कोणत्या अक्षांशावर किती उष्णता पडत होती, हे गणिताने काढता आले पाहिजे, असे मिलान्कोविच यांनी मनाशी ठरवले. निसर्गाचे व्यवहार समीकरणांत मांडून ते पडताळून पाहण्याच्या अशा रचनेस आज प्रतिमान म्हणतात. आजची प्रतिमाने संगणक चालवतात. मिलान्कोविच यांच्यापाशी केवळ कागद, लेखणी आणि चिकाटी होती.

१९१४ च्या जून महिन्यात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून पुण्यास परतले. तेथील कोठडीत त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले होते. त्याच महिन्यात मिलान्कोविच यांचा विवाह झाला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या नशिबीही कोठडी आली. पत्नीसह ते जन्मगावी गेले असताना पहिले महायुद्ध पेटले. सर्बियाचे नागरिक म्हणून ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पकडले आणि ओसियेकच्या किल्ल्यात डांबले. ज्या शहरात ते गणित शिकले, त्याच शहरात ते बंदिवान झाले! कोठडीचे दार बंद झाल्यावर त्यांनी आपल्या पेटीतील कागद बाहेर काढले आणि अपुरे राहिलेले गणित पुढे चालू केले. मध्यरात्र उलटून गेली तेव्हा कोठे आपण तुरुंगात आहोत याचे त्यांना भान आले.

त्यांच्या पत्नीने आणि व्हिएन्नातील एका जुन्या गुरुजींनी खटपट केल्यामुळे त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना बुडापेस्ट येथे राहण्याची परवानगी मिळाली. तेथील विज्ञान अकादमीचे ग्रंथालय त्यांना खुले झाले. नजरकैदेची ती चार वर्षे त्यांनी व्यर्थ दवडली नाहीत. युद्ध संपल्यावर ते बेलग्रेडला परतले आणि १९२० साली त्यांचा ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध झाला.

तो वाचून व्लादिमीर क्योपेन या थोर हवामानशास्त्रज्ञांनी १९२२ साली त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. बर्फ वाढण्यास कडक हिवाळा कारणीभूत होतो असे क्रॉल यांना वाटत होते. क्योपेन यांचे मत निराळे होते: महत्त्व हिवाळ्याचे नव्हे, उन्हाळ्याचे! लातूर जिल्ह्यातील मुरुड गावी मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य माथ्यावर येतो आणि सावली पायांखाली जाते. ६५ अंश उत्तर अक्षांशावर मात्र ऐन उन्हाळ्यातही सूर्य माथ्यावर येत नाही. तेथे हिवाळ्यात बर्फ पडायचाच. प्रश्न इतकाच, की तो उन्हाळ्यात पुरता वितळतो की नाही. हा एक जमाखर्चच आहे. हिवाळ्यात जमा आणि उन्हाळ्यात खर्च! उन्हाळे सौम्य झाले की दरवर्षी थोडा बर्फ शिल्लक राहतो. तो शुभ्र बर्फ ऊन परतवून लावतो, थंडी वाढते, आणि हजारो वर्षांत त्या शिलकेचे अफाट थर होतात.

हे ध्यानी घेऊन मिलान्कोविच कामास लागले. सुमारे शंभर दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड करून त्यांनी गेल्या सहा लाखांहून अधिक वर्षांतील उन्हाळ्यांचा आलेख सिद्ध केला. क्योपेन आणि त्यांचे जामात आल्फ्रेड वेगेनर यांनी तो १९२४ साली आपल्या ग्रंथात छापला.

साऱ्या आयुष्याचे संशोधन एका ग्रंथात गोवून मिलान्कोविच यांनी तो १९४१ साली छापखान्याकडे दिला. ६ एप्रिल रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबवर्षाव केला आणि तो छापखाना उद्ध्वस्त झाला. सुदैवाने छापलेले बहुतेक फर्मे गोदामात शाबूत राहिले. शेवटचे काही पुन्हा छापून ग्रंथ पूर्ण करण्यात आला.

परंतु पुढे अनेक भूशास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धांत नाकारला. प्राचीन हिमयुगांचे काळ अचूक ठरवण्याचे साधन तेव्हा हाती नव्हते. १२ डिसेंबर १९५८ रोजी मिलान्कोविच निवर्तले, तेव्हा त्यांचे गणित जवळजवळ विस्मृतीत गेले होते.

त्याचा न्याय झाला तो आपल्याच हिंदी महासागरात. त्याच्या दक्षिण भागात तळाशी साचलेल्या गाळाचे उभे नमुने काढण्यात आले. त्यांतील सूक्ष्म जीवांच्या शिंपल्यांवरून हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तीन शास्त्रज्ञांनी सुमारे साडेचार लाख वर्षांतील हवामान ताडून पाहिले. एक लाख, एक्केचाळीस हजार आणि तेवीस हजार वर्षांची आवर्तने त्या गाळात उमटलेली होती! १९७६ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक लाख वर्षांचे आवर्तन इतके प्रबळ का, याचा शोध अजून चालू आहे. पण हिमयुगांची लय पृथ्वीच्या गती ठरवतात, हे मान्य झाले.

आज ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फाचे भवितव्य जाणण्यासाठी शास्त्रज्ञ जी प्रतिमाने वापरतात, त्यांची परीक्षा घेतानाही मिलान्कोविच यांचे गणित उपयोगी पडते. प्राचीन बर्फाची वाढ-घट ज्या प्रतिमानास दाखवता येते, त्याच्या भाकितावर अधिक विश्वास ठेवता येतो. त्यांच्या तीन गती हजारो वर्षांच्या संथ चालीने चालतात. आज तो बर्फ काही दशकांतच झपाट्याने घटतो आहे, आणि त्याचे कारण पृथ्वीच्या गतींत नसून मानवाने जाळलेल्या कोळशात व तेलात आहे. एकट्या ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्रांची पातळी सुमारे सात मीटरने वाढेल. मग कोकणच्या किनाऱ्याची काय अवस्था होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

तुरुंगाच्या भिंती, दोन महायुद्धे आणि समकालीनांची उपेक्षा यांपैकी कशानेही मिलान्कोविच यांची लेखणी थांबली नाही. आपले गणित खरे ठरलेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पण ज्या निष्ठेने त्यांनी ते सोडवले, त्या निष्ठेमुळेच ते खरे ठरले.