ना. म. जोशी : वर्गणीतून शिक्षणाची वाट

करी रोड, लोअर परळ या परिसरातून जाणाऱ्या रस्त्याला जुने मुंबईकर अजूनही डिलाईल रोड म्हणतात. पाटीवर मात्र ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिल्यावर हे जोशी कोण, असा प्रश्न नव्या रहिवाशांना पडला तर नवल नाही. संघटनेच्या निधीतून सभासदाच्या मुलाच्या फीला किंवा पुस्तकांना हातभार लागतो, ही बाब आता कोणाला विशेष वाटत नाही. ज्या कायद्याने अशा खर्चाला मान्यता दिली, तो कायदा व्हावा म्हणून केंद्रीय विधिमंडळात आग्रह धरणारे ते हेच जोशी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील गोरेगावचा. पुण्यात शिक्षण झाले, १९०१ मध्ये डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि पुढील आठ वर्षे त्यांनी शिक्षकी केली. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले. शिक्षकाची नोकरी सुटली, तरी त्यांच्यातला शिक्षक अखेरपर्यंत कायम राहिला.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. त्या वेळच्या गिरणगावाचे चित्र डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. त्याच वर्षी झालेल्या कारखाना कायद्यानेही नऊ वर्षांच्या मुलाला गिरणीत पाठविण्याची मुभा कायम ठेवली होती. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, सावकाराचे देणे आणि पहाटेचा भोंगा अशा संसारात शाळेचा विचार कोण करणार? लीगने शाळाच वस्तीत नेली. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसासाठी रात्रीचे वर्ग निघाले. त्याच्या जोडीला वाचनालये, सहकारी पतपेढ्या, दवाखाने, गरिबांना कायद्याचा सल्ला, व्यायामशाळा आणि मुलांची मंडळे असा व्याप वाढत गेला. पतपेढी आणि रात्रशाळा एकाच संस्थेने चालवाव्यात यात व्यवहाराचे मर्म होते. कर्जाच्या व्याजात पगार गेला की पोराची पाटी-पेन्सिल पहिली बंद होते, हे चाळीत काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसे.

लीगचे बहुतेक कार्यकर्ते सुशिक्षित मध्यमवर्गातून आलेले होते, ही टीका त्या काळी झाली आणि ती खोटी नव्हती. गिरणी कामगारांमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून केलेले काम त्याआधीचे होते आणि त्याची मुळे बहुजन समाजात होती. जोशी बाहेरून आले होते. फरक इतकाच, की आल्यावर ते परत गेले नाहीत.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतातील कामगारांची देशव्यापी संघटनाच नसल्याने सरकारने जोशी यांना प्रतिनिधी म्हणून नेमले. ही उणीव पुढच्याच वर्षी भरून निघाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली. १९२२ च्या कारखाना कायद्याने मुलांचे किमान वय नऊवरून बारावर नेले आणि कामाचा आठवडा साठ तासांचा केला. नऊ आणि बारा यांमधली ही तीन वर्षे म्हणजेच प्राथमिक शाळेची वर्षे होती.

याच सुमारास मद्रासमध्ये संघटनेच्या अस्तित्वावरच घाला आला. बकिंगहॅम गिरणीतील वादावरून १९२० मध्ये बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र आणणे हाच गुन्हा ठरत असेल, तर सभासदांची वर्गणी गोळा करायची कशी आणि खर्च करायची कशावर? मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात संघटनांना संरक्षण देणारा कायदा करावा, असा ठराव मांडला. सरकार हलले, पण सावकाश. कायदा संमत व्हायला १९२६ उजाडले आणि तो १ जून १९२७ पासून अमलात आला.

या कायद्याचे पंधरावे कलम वाचायला रूक्ष होते. नोंदणीकृत संघटनेने सर्वसाधारण निधी कशावर खर्च करावा, याची ती यादी होती. पगार, कचेरीचा खर्च, कोर्टकज्जे, संपातील नुकसानीची भरपाई, आजारपण, म्हातारपण, अपघात, बेकारी. आणि त्यातच सभासदांसाठी वा त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी शैक्षणिक साहाय्य. यादीबाहेर खर्च करता येत नसल्याने या कलमाला सरकारी लगाम म्हणणारेही होते. परंतु कामगाराच्या मुलीची फी ही संघटनेच्या हिशेबवहीत रीतसर खर्चाची बाब ठरली, ती याच लगामामुळे.

जोशी यांच्या वाट्याला यशापेक्षा कुचंबणा अधिक आली. १९२५ च्या वेतनकपातीविरुद्धच्या संपानंतर, १९२६ च्या आरंभी, त्यांनी मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन उभारली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात मात्र गिरणी कामगार तरुण कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या लाल बावट्याखाली गोळा झाला. अर्ज, आकडे आणि कलमे यांवर विश्वास ठेवणारे जोशी उपाशी कामगाराला थंड वाटले असतील, तर त्याला दोष देता येणार नाही. १९२९ मध्ये कामगारविषयक शाही आयोगाचे सदस्यत्व त्यांनी स्वीकारले. त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात आयटकने त्या आयोगावर बहिष्कार टाकला, आणि जोशी यांना आपणच उभ्या केलेल्या संघटनेतून व्ही. व्ही. गिरी आदी सहकाऱ्यांसह बाहेर पडावे लागले. फूट सांधली जाण्यास दशक लोटले. १९४० मध्ये ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. विधिमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य म्हणून ते १९२१ पासून स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत बसले. भारत सेवक समाजाशी असलेला तीन दशकांचा संबंध मात्र १९४० मध्येच संपला होता.

१९५३ मध्ये मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगारांच्या पाल्यांना शिष्यवृत्ती देणारे कल्याण मंडळ त्यातून उभे राहिले. तेव्हा जोशी चौऱ्याहत्तरीत होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे डिलाईल रोडच्या पाट्या बदलल्या.