‘ड्रॅक्युला’चा जनक : ब्रॅम स्टोकर

रात्री घरातील सारी मंडळी निजल्यावर दिव्याच्या उजेडात भयकथा वाचण्यातील गोडी ज्याने चाखली नाही, असा विद्यार्थी विरळाच. अंगावर काटा उभा राहतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही! आपल्याकडे वेताळपंचविशीने ही गोडी पिढ्यान् पिढ्या पुरविली. पश्चिमेकडे रक्तपिपासू पिशाचाच्या कथेला अमर रूप दिले ते ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाने.

अब्राहम ऊर्फ ब्रॅम याचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फ येथे झाला. आयर्लंडमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ पडला होता. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. सात भावंडांत ब्रॅम तिसरा. एका अज्ञात दुखण्यामुळे वयाच्या सातव्या वर्षापर्यंत तो अंथरुणालाच खिळून होता. अशा वेळी आई शार्लट हीच त्याची शाळा झाली. १८३२ साली स्लायगो गावात पटकीने घातलेले थैमान तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. त्या मृत्युछायेच्या हकिगती ती आजारी मुलाला सांगत असे. अंथरुणावर पडून ऐकलेल्या त्या गोष्टी त्याच्या मनात कायमच्या रुतल्या.

दुखणे जसे आले तसेच गेले. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात हाच मुलगा नामांकित खेळाडू व वक्ता म्हणून गाजला. शिक्षणानंतर वडिलांप्रमाणे त्यानेही सरकारी नोकरी धरली. नाटकांचे वेड मात्र सुटेना. एका वृत्तपत्रासाठी तो विनावेतन नाट्यपरीक्षणे लिहू लागला. १८७६ साली विख्यात नट हेन्री आयर्व्हिंग याच्या ‘हॅम्लेट’चे त्याने केलेले परीक्षण वाचून त्या नटाने त्याला भेटीस बोलाविले, आणि त्या भेटीने स्टोकरच्या आयुष्याची दिशाच बदलली.

१८७८ साली फ्लॉरेन्स बाल्कोम हिच्याशी विवाह करून तो लंडनला गेला व आयर्व्हिंगच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला. हिशेब, पत्रव्यवहार, दौरे, पाहुण्यांची सरबराई, सारा भार त्याच्या शिरावर होता. टाळ्या पडत त्या नटासाठी. स्टोकर पडद्यामागेच राही. १८८२ साली थेम्स नदीत उडी घेतलेल्या एका माणसाला वाचविण्यासाठी त्याने बोटीवरून स्वतःला पाण्यात झोकून दिले. तो माणूस वाचला नाही. पण या धाडसाबद्दल स्टोकरला कांस्यपदक मिळाले.

मिळेल त्या फुरसतीत तो लिही. १८८१ साली त्याने मुलांसाठी एक कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील एका कथेत नगरावर चालून येणारा अदृश्य राक्षस म्हणजे महामारीच होय. आईच्या आठवणींना फुटलेला हा पहिला अंकुर! याच काळात सर रिचर्ड बर्टन यांच्याशी त्याचा परिचय झाला. तरुणपणी आपल्या बडोद्यास लष्करी नोकरीत राहिलेल्या या प्रवाशाने विक्रम-वेताळाच्या कथा १८७० साली इंग्रजीत आणल्या होत्या.

१८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर व्हिटबी या सागरतीरावरील गावी सुटीसाठी गेला. तेथील ग्रंथालयात वालाचिया व मोल्डेव्हिया या प्रांतांविषयीच्या एका जुन्या पुस्तकात ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला सापडले. पाच वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर फुटलेल्या रशियन जहाजाची हकिगतही त्याने टिपून घेतली. ट्रान्सिल्व्हेनियात त्याने कधीच पाऊल ठेवले नाही. नकाशे, प्रवासवर्णने व लोककथा यांच्या आधारे त्याने तो प्रदेश उभा केला. नोकरी सांभाळून सुमारे सात वर्षे खपल्यावर, मे १८९७ मध्ये, ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली.

रोजनिशा, पत्रे, तारा व वृत्तपत्रांची कात्रणे यांतून ही कथा उलगडते. म्हणूनच ती खरी वाटते. तिच्यात नुसते भय नाही. पिशाचाच्या दंशाने ग्रासलेली मीना, तिच्यासाठी प्राण पणाला लावणारा पती जोनाथन आणि त्यांचे निष्ठावंत मित्र यांची ती प्रेमकथाही आहे. सर्वांची टिपणे टंकयंत्रावर उतरवून त्यांची सुसंगत मांडणी करते ती मीनाच. आणि त्या कागदांमुळेच शत्रूचा माग लागतो. वृद्ध आईने पत्र लिहून या कादंबरीची तोंडभर स्तुती केली. तिने पेरलेले बीज तिच्याच हयातीत फळास आले.

परंतु लक्ष्मी प्रसन्न झाली नाही. १८९८ साली आगीत लायसियमचे नेपथ्य भस्मसात झाले. १९०५ मध्ये आयर्व्हिंग वारला. पाठोपाठ स्टोकरला पक्षाघाताचा झटका आला. तशाही स्थितीत त्याने आपल्या धन्याच्या आठवणींचे दोन खंड १९०६ साली पूर्ण केले. अखेरीस गरजू लेखकांच्या निधीकडे त्याला मदत मागावी लागली. २० एप्रिल १९१२ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले. तेव्हा लोकांनी त्याला ओळखले ते प्रामुख्याने आयर्व्हिंगचा साहाय्यक म्हणून.

पुढे काळाने पारडे फिरविले. १९२४ साली ‘ड्रॅक्युला’ रंगभूमीवर आली, १९३१ साली बोलपटाने तिला जगभर नेले. ज्याच्यासाठी स्टोकर उभे आयुष्य झिजला, त्या नटाचे नाव आज नाट्येतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले आहे. आणि पडद्यामागच्या व्यवस्थापकाने फावल्या वेळात निर्मिलेला सरदार मात्र घरोघर ठाऊक आहे. मित्रहो, एका आजारी मुलाच्या उशाशी बसून आईने सांगितलेल्या गोष्टी किती दूरवर पोहोचल्या, हे ती कादंबरी मिटताना क्षणभर आठवावे, आणि मग खुशाल दिवा मालवावा!