आरोब्याचे दत्ता नाईक: अंगाईपासून भयपटापर्यंत

जुन्या हिंदी गाण्यांच्या तबकड्यांवर 'एन. दत्ता' हे नाव अनेकांनी वाचलेलं असतं. पण हे एन. दत्ता म्हणजे कोलवाळजवळच्या आरोबा या छोट्या गावचे दत्ता नाईक, हे म्हापसा-पेडण्यातसुद्धा सगळ्यांना ठाऊक असतं असं नाही. आडनावातला 'एन' पुढे घेतला, 'दत्ता' मागे ठेवलं आणि गावाची ओळख त्या एका अक्षरात लपून गेली.

'साधना', 'धूल का फूल', 'धर्मपुत्र' या चित्रपटांचं संगीत त्यांचं. 'बाळा गाऊ कशी अंगाई' या मराठी चित्रपटातली, आजही घराघरांत लेकरांना निजवताना म्हटली जाणारी अंगाई त्यांचीच. आणि १९८१ साली आलेल्या 'चेहरे पे चेहरा' या भयपटाचे संगीतकारही तेच. हा भयपट करायला जी माणसं एकत्र आली, त्यांतल्या बहुतेकांची हयात वेगळ्याच तऱ्हेचे चित्रपट करण्यात गेली होती. दत्ता नाईकांची तर नक्कीच.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राजवट होती. कलेच्या ओढीनं किंवा पोटासाठी घर सोडायचं तर गोंयकाराच्या डोळ्यांपुढे एकच शहर असायचं, ते म्हणजे मुंबई. बारदेश आणि साष्टीतले ख्रिस्ती वादक व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन घेऊन तिथं पोचले होते. पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन त्यांना चर्चमुळे आणि गावच्या संगीतशाळेमुळे लहानपणापासून वाचता यायचं, त्यामुळे स्टुडिओत त्यांना मोठी मागणी. हळदोण्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली गाजलेली नावं. दुसरीकडे देवळातलं भजन, कीर्तन आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेले हिंदू गोमंतकीयही त्याच शहरात नशीब काढत होते. दत्ता नाईक या दुसऱ्या वाटेवरचे. लहान वयातच त्यांनी मुंबई गाठली ती गाण्याच्या वेडापायीच.

पुढे ते सचिनदेव बर्मन यांचे साहाय्यक झाले. 'बहार', 'सजा', 'जाल' हे त्या काळातले चित्रपट. साहाय्यकाचं काम बाहेरून दिसत नाही, पण गाणं उभं राहतं ते त्याच्या जिवावर. संगीतकार पेटीवर चाल सांगणार. ती लक्षात ठेवायची, लिहून काढायची, गायकाकडून घोटून घ्यायची, वादकांच्या तालमी घ्यायच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळं सांभाळायचं. तेव्हा गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच खोलीत गात-वाजवत. एकजण चुकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. अशा शाळेत दत्ता नाईक तयार झाले.

'जाल' १९५२ चा. गुरुदत्त दिग्दर्शित या चित्रपटाची कथा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मच्छीमारांची. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल असताना मुंबईत गोव्याची गोष्ट पडद्यावर उभी राहत होती आणि संगीताच्या खोलीत एक अस्सल गोमंतकीय बसलेला होता. या चित्रपटाचे गीतकार होते साहिर लुधियानवी. दत्ता नाईकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर साहिर असंच द्यावं लागेल.

दत्ता नाईकांना स्वतंत्र काम मिळालं १९५५ च्या 'मिलाप'मध्ये. दिग्दर्शक राज खोसला यांचाही हा पहिलाच चित्रपट. देव आनंद आणि गीता बाली पडद्यावर, गीतं साहिर यांची. त्याच साली 'मरीन ड्राइव्ह' आला, पुढच्या वर्षी 'चंद्रकांता'. 'चंद्रकांता' फारसा कोणाच्या लक्षात नाही, पण त्यातलं महंमद रफींनी गायलेलं एक निराश प्रेमिकाचं गाणं आजही जाणकार काढून ऐकतात.

१९५७ चा 'मिस्टर एक्स' मात्र पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखा. नानाभाई भट्ट यांच्या या चित्रपटात अशोककुमार अदृश्य होतात. प्रयोगशाळा, औषध आणि त्यातून माणसाचं भलतंच काही होणं, हा परदेशी कथांमधला मसाला. त्याला दत्ता नाईकांनी उडत्या चालींची गाणी दिली. चोवीस वर्षांनी असाच एक विषय पुन्हा त्यांच्याकडे येणार होता, पण फार गंभीर रूपात.

त्याच साली 'प्यासा' आला आणि त्यानंतर साहिर आणि सचिनदेव बर्मन यांचे रस्ते वेगळे झाले. गाण्याचं श्रेय चालीला जास्त की शब्दांना, हा तो वाद. साहिर शब्दांच्या बाजूनं ठाम उभे राहणारे. दत्ता नाईकांशी त्यांचं जमलं, कारण या संगीतकाराला शब्दांवर कुरघोडी करायची सवय नव्हती. त्यांची चाल साधी असते, ओळीचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोचेल एवढी मोकळी जागा ठेवते, वाद्यांचा गलबला करत नाही. जड आशयाची गाणी म्हणूनच त्यांच्याकडे शोभली.

बी. आर. चोप्रांचा 'साधना' १९५८ चा. नाचगाण्यावर जगणाऱ्या बाईला घरची सून होता येईल का, हा त्याचा विषय. पुरुषांनी बाईचा बाजार मांडला, असं सरळ तोंडावर सांगणारं साहिर यांचं गाणं लता मंगेशकरांनी गायलं. १९५९ चा 'धूल का फूल' हा यश चोप्रांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. टाकून दिलेल्या मुलाला सांभाळणारा मुसलमान म्हातारा त्याला तू हिंदू किंवा मुसलमान नव्हे तर माणूस होशील असं सांगतो, ते रफींचं गाणं याच चित्रपटातलं. मग १९६१ साली फाळणीच्या काळावरचा 'धर्मपुत्र' आला. शशी कपूर यांचा मोठेपणीचा नायक म्हणून हा सुरुवातीचा चित्रपट. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 'ब्लॅक कॅट'सारखा रहस्यपट आणि 'ग्यारह हजार लडकियाँ' हा के. ए. अब्बास यांचा चित्रपटही याच चार-पाच वर्षांतले.

इथून नाव मोठं व्हायला हवं होतं. झालं उलट. चोप्रांच्या 'गुमराह'पासून त्यांच्या चित्रपटांचं संगीत रवी यांच्याकडे गेलं. दत्ता नाईकांची प्रकृतीही साथ देईना. हिंदीच्या धंद्यात संगीतकारानं रोज उठून निर्मात्यांच्या बैठकीला जावं लागतं, दोन महिने दिसला नाही की लोक दुसरा माणूस बघतात. नंतरच्या वर्षांत त्यांच्याकडे आलेले बरेच चित्रपट छोटे, कमी पैशांचे. त्यात नावाचाही घोळ. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक आणि 'परवरिश'चे संगीतकार दत्ताराम वाडकर यांचंही मूळ गोव्यातलंच. दत्ताराम आणि एन. दत्ता एकच, असं समजणारे आजही भेटतात.

या पडत्या काळात त्यांना हात दिला तो मराठीनं. राजदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'मधुचंद्र' १९६७ साली आला, त्याचं संगीत दत्ता नाईकांचं. मग १९६९ चा 'अपराध'. महेंद्र कपूर हे पंजाबी गायक मराठी रसिकांच्या घरात कायमचे शिरले, त्यात या दोन चित्रपटांतल्या गाण्यांचा मोठा वाटा. 'अपराध'ची गाणी लिहिली होती वेंगुर्ल्याच्या मधुसूदन कालेलकरांनी. नाटककार म्हणून कालेलकर सगळ्यांना माहीत, पण गीतकार म्हणूनही त्यांची लेखणी तितकीच सहज होती.

ही जोडी १९७७ च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या कमलाकर तोरणे यांच्या चित्रपटात पुन्हा जमली. चांदोबा झाडामागे झोपला, आता बाळानंही झोपावं, एवढाच गाण्याचा आशय. सुमन कल्याणपूर यांचा मऊ आवाज आणि पाळण्याच्या झोक्याएवढीच हलणारी चाल. शब्द वेंगुर्ल्याचे, सूर आरोब्याचे. तेरेखोलच्या दोन्ही काठांच्या माणसांनी मिळून महाराष्ट्राला दिलेली ही अंगाई आहे, हे ती म्हणणाऱ्या कित्येक आयांना माहीत नसतं.

आणि मग हा अंगाईवाला संगीतकार भयपटाकडे वळला.

'चेहरे पे चेहरा' हा आर. एल. स्टीव्हन्सन यांच्या १८८६ सालच्या डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांच्या कथेवर बेतलेला. सज्जन डॉक्टर औषध शोधतो आणि ते पिऊन त्याच्यातला दुर्जन बाहेर पडतो. हॉलिवूडनं ही कथा अनेकदा पडद्यावर आणली होती. १९३१ च्या चित्रपटासाठी फ्रेडरिक मार्च यांना ऑस्करही मिळालं होतं. हिंदीत ही जबाबदारी घेतली राज तिलक यांनी. त्यांचा आधीचा '३६ घंटे' हा तुरुंगातून पळालेले गुन्हेगार एका सभ्य कुटुंबाला घरातच ओलीस धरतात, अशा गोष्टीचा. म्हणजे भुताखेतांपेक्षा घरात शिरलेल्या भीतीची त्यांना सवय होती.

डॉक्टर विल्सन आणि त्याचं विकृत रूप ब्लॅकस्टोन, दोन्ही भूमिका संजीवकुमार यांच्या. हरिहर जरीवाला हे त्यांचं खरं नाव. सुरतेत जन्म, मुंबईत इप्टाच्या रंगभूमीवर तयार झालेले. 'दस्तक' आणि 'कोशिश' या दोन चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार. 'नया दिन नयी रात'मध्ये त्यांनी एकट्यानं नऊ भूमिका केल्या होत्या. चेहरा बदलला तरी माणूस आतून वेगळा दिसला पाहिजे, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना जमायचं. १९७९ च्या 'जानी दुश्मन'मध्येही ते होतेच. सोबत रेखा, विनोद मेहरा आणि सुलक्षणा पंडित. सुलक्षणा नुसत्या नटी नव्हत्या. पंडित जसराज यांच्या घराण्यातल्या, आणि 'संकल्प'मधल्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळवलेल्या गायिका.

गीतकार साहिर लुधियानवी. समाजाचा दुटप्पीपणा उघडा पाडणारी गाणी लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याकडे एकाच माणसात सभ्य आणि सैतान राहतात अशी गोष्ट आली होती. आणि संगीत जुन्या मित्राचं, दत्ता नाईकांचं.

हिंदी भयपटात गाण्याला एक ठरलेलं काम होतं. १९४९ च्या 'महल'पासून 'बीस साल बाद', 'वो कौन थी' पर्यंत धुक्यातून बाईचा आवाज यायचा आणि नायक त्यामागे खेचला जायचा. भीती गाण्यातूनच पसरायची. 'चेहरे पे चेहरा'त बाहेरचं भूत नाहीच. भूत डॉक्टरच्या आत आहे. त्यामुळे गाण्याला घाबरवायचं नव्हतं, डॉक्टर काय गमावतोय ते दाखवायचं होतं. दत्ता नाईकांनी तेच केलं. रफी आणि सुलक्षणा पंडित यांच्या आवाजातलं द्वंद्वगीत ऐकलं तर ते भयपटातलं आहे असं कोणी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या 'मिलाप'सारखीच संथ, शब्दांना जपणारी चाल. पण पुढे त्या डॉक्टरचं काय होणार हे कळल्यावर तीच चाल मनाला लागते.

चित्रपट १९८१ साली आला तेव्हा तो ऐकायला रफी नव्हते. ३१ जुलै १९८० रोजी ते गेले होते. साहिरही नव्हते. २५ ऑक्टोबर १९८० रोजी त्यांचं निधन झालं. 'मिलाप'पासून चालत आलेली मैत्री पडद्यावर संपली ती एका भयपटात. त्या वर्षी 'नसीब', 'लावारिस', 'क्रांती', 'एक दूजे के लिए' असे चित्रपट धावत होते. त्या गर्दीत 'चेहरे पे चेहरा' मागेच राहिला. पुढे हिंदी भयपट रामसे बंधूंच्या पडक्या हवेल्यांत रमला. मनातल्या सैतानाची गोष्ट तशीच राहिली. संजीवकुमारही ६ नोव्हेंबर १९८५ रोजी गेले, अवघ्या ४७ व्या वर्षी.

दत्ता नाईकांचं निधन ३० डिसेंबर १९८७ रोजी झालं. साठी ओलांडून जेमतेम अठरा दिवस झाले होते.

त्यांच्या कामाचा हिशेब मांडायचा तर हिंदीत 'धूल का फूल'चा, मराठीत अंगाईचा आधी होतो आणि भयपट शेवटी येतो. पण तिन्हीकडे माणूस एकच दिसतो. जन्मल्या मुलाला जातीधर्माच्या पलीकडे नेणारं गाणं असो, निजणाऱ्या लेकराची अंगाई असो किंवा स्वतःच्याच सैतानाला घाबरलेल्या डॉक्टरची गोष्ट असो, त्यांनी आवाज चढवला नाही. मोठमोठ्या वाद्यमेळाच्या काळात हे अवघड होतं, आणि कदाचित त्यामुळेच त्यांचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं नाही.

म्हापशाहून पेडण्याच्या वाटेनं जाताना कोलवाळ लागतं. तिथं गाडीत कोणी जुनी गाणी लावली आणि निवेदकानं एन. दत्ता हे नाव घेतलं, तर शेजारच्या लहान मुलाला एवढं जरूर सांगावं की हे आपले आरोब्याचे दत्ता नाईक.