सुनंदा अवचट

डॉ. सुनंदा अवचट ऊर्फ डॉ. अनिता अवचट (निधन : १९९७) या मराठी मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक होत्या. व्यसनी माणूस हा गुन्हेगार वा पापी नसून रुग्ण आहे आणि उपचारानंतरही त्याला सोबतीची गरज असते, या भूमिकेवर त्यांनी केंद्राची उभारणी केली. लेखक डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) हे त्यांचे पती होत.

जीवन

सुनंदा यांनी वैद्यकीय शिक्षणानंतर मनोविकारशास्त्राकडे वळून पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात काम केले. अनिल अवचट यांनी वैद्यकीय पदवी मिळवूनही तो व्यवसाय न करता सामाजिक प्रश्नांवर लेखन करण्याचे ठरविले. त्या काळात संसाराचा आर्थिक भार मुख्यत्वे सुनंदा यांच्या नोकरीवर होता. मुक्ता आणि यशोदा या त्यांच्या दोन कन्या होत.

मुक्तांगणची स्थापना

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यातील तरुणांमध्ये ब्राउन शुगर अर्थात गर्दचे व्यसन वेगाने पसरले. अनिल अवचट यांनी या विषयावर केलेले लेखन 'गर्द' या नावाने पुस्तकरूपात आले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांनी उपचार केंद्रासाठी देणगी देऊ केली. शासनाने येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात जागा दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. केंद्राची वैद्यकीय व प्रशासकीय जबाबदारी सुनंदा यांनी स्वीकारली. आरंभी गर्दचे रुग्ण डोळ्यांसमोर होते. पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले.

उपचारांची दिशा

व्यसन अचानक थांबविल्यावर थरथर, निद्रानाश, भास असे त्रास होतात. दारूच्या बाबतीत हे त्रास जिवावरही बेतू शकतात. म्हणून पहिल्या टप्प्यात वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. मात्र शरीरातून विष उतरले म्हणजे व्यसन सुटले असे होत नाही, हे सुनंदा यांना रुग्णालयातील अनुभवातून ठाऊक होते. म्हणून औषधांच्या जोडीला समुपदेशन, गटचर्चा, योग, श्रम आणि कला यांना केंद्राच्या दिनक्रमात स्थान मिळाले. रुग्णाला मारहाण करणे, बांधून ठेवणे, अपमान करणे हे मार्ग निषिद्ध ठरले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच पुढे कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून घडविणे हे मुक्तांगणचे वैशिष्ट्य ठरले.

पाठपुरावा व स्वमदत गट

व्यसनमुक्तीतील खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते. जुने मित्र, जुना रस्ता आणि पगाराचा दिवस तेथेच असतात. अशा वेळी आधार देणाऱ्या गटांची परंपरा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेपासून सुरू होते. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांनी १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे तिचा पाया घातला; भारतात तिचे काम १९५७च्या सुमारास सुरू झाले. या सभांना शुल्क नसते आणि आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. नवागताने बोललेच पाहिजे असे बंधन नसते. केवळ ऐकत बसले तरी चालते. खुल्या सभेला कुटुंबीय वा अभ्यासक येऊ शकतात, बंद सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते. संकल्प जन्मभराचा नसून फक्त आजच्या दिवसाचा असतो.

मुक्तांगणनेही उपचारोत्तर भेटींची व्यवस्था उभी केली. तिला 'अनुव्रजन' असे नाव आहे. निघालेल्या पाहुण्यासोबत चार पावले चालत जाणे, हा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ. व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. पुन्हा घसरलेल्या रुग्णाला दार बंद न करणे, हे या साऱ्यामागील तत्त्व आहे.

जुन्नर तालुक्याशी नाते

अनिल अवचट यांचे जन्मगाव ओतूर हे जुन्नर तालुक्यात असल्याने हा तालुका सुनंदा यांचे सासर होय. ओतूरवरून जाणारा कल्याण–नगर रस्ता पुढे आळेफाट्यावरून तालुक्याच्या पूर्व टोकाच्या आणे गावाकडे जातो. आणे पठारासारख्या कोरडवाहू भागातील माणसाला सभेसाठी पुण्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, शिवाय कोठे गेला होता याचे उत्तर गावात द्यावे लागते. शहरात नाव न सांगता येते. लहान गावात सारेच ओळखीचे असतात. त्यामुळे उपचार एका शहरात न ठेवता पाठपुरावा रुग्णाच्या गावाजवळ नेण्याचा विचार ग्रामीण भागासाठी विशेष महत्त्वाचा ठरतो.

आजार व निधन

सुनंदा यांना कर्करोगाने ग्रासले. आजारपणातही केंद्राच्या कामातील त्यांचे लक्ष कायम राहिले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. केंद्र एका व्यक्तीवर अवलंबून राहू नये अशी घडण त्यांच्या हयातीतच झाली होती; त्यामुळे त्यांच्या पश्चात ते खंडित झाले नाही. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे संचालकपदाची धुरा सांभाळली.

वारसा

सुनंदा यांच्या स्मरणार्थ मुक्तांगणतर्फे 'डॉ. अनिता अवचट संघर्ष सन्मान' पुरस्कार दिला जातो. केंद्राच्या वाटचालीची हकीकत अनिल अवचट यांनी 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात सांगितली आहे. मुक्तांगणने पुढे महिलांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र उपचार विभागही सुरू केला.