बरुआसागरचे इंदीवर : यमनाचे गीत आणि पियानोचे स्वरमेळ

बरुआसागर (जि. झाशी) : ओरछ्याचे राजे उदितसिंह यांनी बांध घालून निर्माण केलेल्या विस्तीर्ण तलावामुळे हे गाव ओळखले जाते. अठराव्या शतकात मराठे आणि बुंदेले याच परिसरात एकमेकांशी झुंजले. येथेच १९२४ मध्ये श्यामलाल बाबू राय यांचा जन्म झाला. हिंदी चित्रसृष्टीने त्यांना ओळखले ते ‘इंदीवर’ या नावाने. इंदीवर म्हणजे नीलकमळ. तळ्याकाठच्या कवीला हे नाव शोभलेही.

गायक मुकेश यांनी निर्मिलेल्या ‘मल्हार’ (१९५१) या चित्रपटाने मुंबईत त्यांचा जम बसविला. संगीतकार रोशन यांच्याशी त्यांचे सूर तेव्हाच जुळले. पुढे ‘अनोखी रात’मध्ये त्यांनी रोशन यांच्यासाठी तळे, नदी आणि सागर यांची प्रतिमा गुंफली; चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १९६७ मध्ये, रोशन निवर्तले होते.

‘सरस्वतीचंद्र’ने (१९६८) कल्याणजी-आनंदजींना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्यातील इंदीवरांचे यमनाच्या छायेतील प्रणयगीत आजही गायले जाते. पियानोवर पाश्चात्त्य पद्धतीची साथ शिकणाऱ्याची यमनात मात्र परीक्षाच असते. पांढरी एक षड्ज मानली, तर षड्ज-गंधार-पंचमाचा स्वरमेळ सहज बसतो. पण सवयीने शुद्ध मध्यमावरचा स्वरमेळ वाजविला की रागाचा तीव्र मध्यम, म्हणजे काळी तीन, त्याच्याशी भांडतो. तेथे ऋषभ-तीव्र मध्यम-धैवत हा मेळ घ्यावा लागतो. जॅझवादकांची युक्ती याहून धाडसी. पंचमावरील स्वरमेळातला पाचवा आणि नववा स्वर ते अर्ध्या सुराने चढवितात वा उतरवितात, त्यामुळे षड्जाकडे परतण्याची ओढ तीव्र होते. परंतु असे बदललेले चारही स्वर कोमल ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद ठरतात, आणि यमनाला यांपैकी एकही चालत नाही. यमनातल्या चालीला हा साज चढविला, तर चाल टिकेल, राग टिकणार नाही.

इंदीवरांच्या शब्दांना अशी अडचण क्वचितच पडली. १९८० च्या ‘कुर्बानी’त त्यांनी कल्याणजी-आनंदजींसाठी गीते लिहिलीच, शिवाय बिद्दू यांनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या, पौगंडवयातील नाझिया हसन यांच्या डिस्को गीताचे शब्दही त्यांचेच होते. एकाच चित्रपटात दोन अगदी निराळ्या संगीतविश्वांसाठी त्यांची लेखणी चालली.

याच लवचिकतेचा पुढे त्यांच्यावर ठपका आला. ‘उपकार’, ‘सफर’ यांसारख्या चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या आणि ‘अमानुष’साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळविणाऱ्या कवीने ‘हिंमतवाला’च्या (१९८३) ठेक्यांना शब्द पुरवावेत, हे अनेकांना रुचले नाही. तक्रार अगदीच निराधार नव्हती; त्या दशकातली काही गीते केवळ ठेका भरून काढण्यासाठी लिहिलेली वाटतात. मात्र तयार चालीत शब्द बसविणे हा त्या काळी गीतकाराच्या व्यवसायाचाच भाग होता, आणि साधे, तोंडी बसणारे शब्द ही इंदीवरांची पहिल्यापासूनची शैली होती. बदलत होते ते शब्दांखालचे संगीत.

२७ फेब्रुवारी १९९७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.