टिळकांचें देणें



पोलादपूर सोडून आंबेनळीचा घाट चढूं लागलें म्हणजे वळणामागून वळण घेत रस्ता प्रतापगडाच्या पायथ्यापाशीं येतो, आणि पुढें महाबळेश्वरावरून वाई व साताऱ्याकडे उतरतो. घाटाखालीं कोंकण, घाटावर देश. खालच्या कोंकणांत, दापोली तालुक्यांतील करजगांवीं, एका चित्पावन ब्राह्मणाच्या घरीं १८६१ सालीं एक मूल जन्मास आलें. आणि घाटापलीकडील साताऱ्यास, आयुष्याच्या अखेरीस, त्याच पुरुषानें आपला शेवटचा ऐहिक आधारहि देवाच्या चरणीं ठेवून दिला. ते पुरुष म्हणजे कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचीं भजनें आपल्या मंडळ्यांतून आजहि गाइलीं जातात. परंतु गाणाऱ्याचें जीवन त्याच्या गाण्याहून कमी बोलकें नव्हतें. त्या जीवनांतून नम्रता व देणें हे दोन धडे घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

टिळकांचे वडील सरकारी नोकरींत होते व स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई भाविक असून तिला काव्याची गोडी होती. १८७३ सालीं आई वारली, आणि त्या कोंवळ्या वयाच्या मुलाचें घर जणूं मोडलेंच. तो नाशकास गेला. तेथें मोठ्या कष्टानें संस्कृत शिकला, थोडें इंग्रजी शिकला, आणि कविता करूं लागला. १८८० सालीं नाशिकजवळच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका हिच्याशीं त्याचा विवाह झाला. याच पुढें प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यानंतर बरींच वर्षें टिळकांचा पाय एका ठिकाणीं ठरला नाहीं. कोठें शिक्षकाचें काम, कोठें कीर्तन, कोठें लेखन. अखेर १८९१ च्या सुमारास नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास ते राहिले.

विद्वत्ता, कवित्व, उच्च कुळ व वक्तृत्व हीं सारीं त्यांजपाशीं होतीं. शिवाय आपल्या देशाविषयीं त्यांच्या मनांत जळती कळकळ होती. जातिभेदानें फाटलेल्या या लोकांस एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांस रात्रंदिवस छळीत असे. अशा स्थितींत १८९३ सालीं नागपुराकडून राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक तें पुस्तक वाचूं लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं आले तेव्हां त्यांचें मन तेथेंच खिळून राहिलें. सुमारें दोन वर्षें अंतःकरणांत झगडा चालला. शेवटीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बंधुभगिनींनो, या पावलाची किंमत काय पडली तें आपण नीट समजून घ्यावें. आप्त तुटले, जात तुटली, ज्या सभांतून मान मिळत असे तेथील दारें बंद झालीं. परंतु सर्वांत मोठा घाव घरांतच बसला. लक्ष्मीबाई धर्मनिष्ठ स्त्री. नवरा ख्रिस्ती झाला हें ऐकून त्यांच्यावर आकाश कोसळलें. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, आणि चार-पांच वर्षें पतिपत्नींचा संसार दुभंगला. टिळकांनीं त्यांच्यावर धर्माची सक्ति केली नाहीं. त्यांनीं वाट पाहिली. पुढें त्या अहमदनगरास परत आल्या, तेव्हां प्रथम आपला स्वयंपाक व सोवळें वेगळेंच ठेवून राहिल्या. टिळकांनीं तेंहि सोशिलें. हळूहळू त्यांचें मन बदललें आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. जो मनुष्य क्षणांत संतापे, त्यानें इतकीं वर्षें धीर धरला! नम्रतेची ही पहिली शाळा त्यांच्या स्वतःच्या घरांत भरली होती.

अहमदनगरास टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवीत असत; १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ज्ञानोदय पत्राचा मराठी भाग ते पाहूं लागले. शंभराहून अधिक भजनें त्यांनीं मंडळीस दिलीं. येथें त्यांच्या नम्रतेचें दुसरें रूप दिसतें. संस्कृतांतील मोठमोठीं वृत्तें त्यांस अवगत असतां त्यांनीं आपली विद्या मिरविली नाहीं. खेड्यांतील आई जात्यावर बसून जें गाऊं शकेल, वारकरी ज्या चालींत टाळ वाजवील, त्या अभंगाच्या व ओवीच्या वाटेनें ते प्रभूची स्तुति घेऊन आले. तुकोबांच्या अभंगांनींच आपणांस ख्रिस्तापाशीं येण्यास पूल बांधून दिला, असें ते मोकळेपणें कबूल करीत. आपण ज्यांपासून शिकलों त्यांचें ऋण मान्य करणें, ही थोर मनाची खूण होय.

आतां त्यांच्या देण्याविषयीं. टिळकांच्या हातीं पैसा आला कीं तो फार वेळ टिकत नसे. दारीं आलेला गरजू रिकामा परत जात नसे. दुष्काळाच्या दिवसांत पोरकीं झालेलीं मुलें त्यांच्या घरीं वाढलीं. तरुण कवि बालकवि ठोमरे यांसहि त्यांच्या घरानें आपल्यांत घेतलें. हें सर्व लक्ष्मीबाईंनीं आपल्या स्मृतिचित्रें या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. आणि लिहितांना एक गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. टिळक देत, पण घरांत डाळतांदूळ संपले म्हणजे त्याची काळजी लक्ष्मीबाईंस वाहावी लागे. टिळक रागावत, मग स्वतःच कळवळत, आणि घर पुनः हंसूं लागे.

ही गोष्ट मी मुद्दाम लिहितों. कोणा थोर पुरुषाच्या उदारपणाचें वर्णन करतांना चुलीपाशीं बसलेल्या बाईस आपण विसरतों. घरधन्यानें दहा रुपये दिले तर त्यांतले पांच तिच्या पोटांतून जातात. म्हणून टिळकांचें देणें हें एकट्या टिळकांचें नव्हें. तें लक्ष्मीबाईंचेंहि होतें, आणि देवाच्या वहींत दोघांच्याहि नांवें तें जमा झालें असेल. जो देतो त्यानें आपल्या घरच्यांसहि त्या देण्यांत विचारून सामील करावें, हा बोध टिळकांच्या थोरवीबरोबर त्यांच्या उणिवेंतूनहि आपणांस मिळतो.

१९१७ साल उजाडलें. टिळकांचें वय पंचावन्नाच्या पुढें गेलें होतें. शरीर थकत चाललें होतें. या वयांत मनुष्य निवाऱ्याची जागा शोधतो. टिळकांनीं उलट केलें. मिशनची पगारी सेवा त्यांनीं सोडिली आणि साताऱ्यास देवाचा दरबार या नांवाची एक बंधुसंघटना आरंभिली. ख्रिस्ताचें शिष्यत्व पत्करणारा कोणीहि, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तींत यावा अशी त्यांची इच्छा होती. परकीयांच्या पैशावर हिंदी मंडळी किती दिवस चालावी, हा सल त्यांच्या मनांत फार दिवसांचा होता. मिशनच्या उपकारांचा त्यांस विसर पडला नव्हता. परंतु मंडळीनें आपल्या पायांवर उभें राहावें असें इतरांस सांगण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःचा आधार सोडिला. कोणी म्हणाले हें धाडस, कोणी म्हणाले हा अविचार. दरबारास फार दिवस मिळाले नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक प्रभूकडे गेले.

त्यांच्यामागें धन उरलें नाहीं. ख्रिस्तायन हें महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच अपुरें राहिलें होतें. ज्या लक्ष्मीबाई कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या, ज्यांस टिळकांनींच अक्षरें शिकविलीं, त्यांनीं पुढें लेखणी घेऊन तें काव्य बहुतेक तडीस नेलें. देणाऱ्याचें देणें असें फळास येतें: जें त्यानें दुसऱ्यांत पेरलें तेंच त्याच्यामागें उगवलें.

वाचकहो, आपल्या डोंगरांतल्या मंडळ्या लहान आहेत, आणि हातहि लहान आहेत. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली व ऐंशीच्या वर जीव गेले. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतील वाड्यांवरहि दरडी आल्या. अशा दिवशीं शेजाऱ्यास द्यावयाचें तें आपलें उरलेलें कीं आपलें लागणारें, हा प्रश्न पुस्तकांतला राहत नाहीं. प्रभूनें मंदिरांतील दानपेटीपाशीं बसून श्रीमंतांच्या थैल्या मोजिल्या नाहींत; विधवेच्या दोन टोल्या मोजिल्या. कारण तिनें उपजीविका दिली होती.

आपली माउली भात शिजत घालण्यापूर्वीं देवासाठीं मूठभर तांदूळ वेगळे काढिते. ती मूठ लहान आहे म्हणून लाजूं नये, आणि मोठी झाली म्हणून फुगूं नये. टिळक जें देत तें आपल्या पदरचें देतों असें मानीत नसत. आपण देवाचें देणेंकरी आहों, तेंच थोडें फेडीत आहों, अशा वृत्तीनें ते जगले. देणें या आपल्या शब्दांत दान आणि ऋण असे दोन्ही अर्थ आहेत. ज्यास आपलें ऋण कळलें त्यास दान करतांना गर्व कोठून होणार? येत्या रविवारीं अर्पणाची थाळी पुढें येईल तेव्हां ही एक गोष्ट आपण मनांत आणूं या. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो. आमेन.