श्रद्धा स्वतःची, चिठ्ठी रुग्णाची : डॉ. जॉन रॉक

डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळी लिहून दिली, बाई चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेली आणि काउंटरमागच्या फार्मासिस्टने सांगितले की आपल्या धर्मात हे पाप आहे, गोळी मिळणार नाही. अमेरिकेत असे प्रसंग घडले आहेत आणि ते न्यायालयांपर्यंत गेले आहेत. अर्कान्सास, मिसिसिपी अशा राज्यांतील कायदा नकार देणाऱ्या फार्मासिस्टच्या बाजूने आहे. इलिनॉय, वॉशिंग्टन ही राज्ये मात्र दुकानाने औषध दिलेच पाहिजे असे म्हणतात. या वादात कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीचा दाखला वारंवार दिला जातो. पण ही गोळी रुग्णांपर्यंत पोहोचवणारा डॉक्टर स्वतः कट्टर कॅथलिक होता, रोज सकाळी सातच्या मिस्सेला हजर राहत होता आणि त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर क्रूस टांगलेला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांचे नाव डॉ. जॉन रॉक.

रॉक यांचा जन्म २४ मार्च १८९० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्लबरो या गावी झाला. घर आयरिश कॅथलिक. चौदाव्या वर्षी गावातल्या एका पाद्रींनी त्यांना एक उपदेश केला: आपल्या सदसद्विवेकबुद्धीला धरून राहा, ती सांभाळायला दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस, अगदी कोणाच्याही नाही. रॉक हा उपदेश जन्मभर सांगत राहिले. शाळेनंतर त्यांनी ग्वाटेमालात केळीच्या मळ्यावर नोकरी केली, तिथून डच्चू मिळाला. पुढची नोकरीही टिकली नाही. मळ्यावरच्या इस्पितळातील डॉक्टरशी मात्र त्यांची मैत्री झाली होती आणि वैद्यकीची ओढ तिथेच लागली होती. हार्वर्डमधून पदवी आणि १९१८मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते स्त्रीरोगतज्ज्ञ झाले.

बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनमध्ये गरीब स्त्रियांसाठी मोफत इस्पितळ होते. तिथे रॉक वंध्यत्वाचा विभाग चालवू लागले. मूल होत नाही म्हणून झुरणाऱ्या बायका एकीकडे आणि लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका दुसरीकडे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यांच्यासमोर रोज येत. यातल्या कित्येक जणी त्यांच्याच धर्माच्या होत्या. सातव्या-आठव्या खेपेला रक्तक्षय झालेली, गर्भाशय खाली सरकलेली, घरात आधीच्या लेकरांना पुरेसे अन्न नाही अशी बाई समोर बसली की तिला काय सांगायचे, हा प्रश्न टाळता येत नव्हता.

मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने उत्तर आधीच ठरवून ठेवले होते. १८७९पासून त्या राज्यात संततिनियमनाची साधने विकणे, देणे किंवा त्यांची माहिती पुरवणे हा गुन्हा होता आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकत असे. रुग्णाच्या जिवाला धोका असला तरी डॉक्टरला सूट नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८मध्ये सांगितले आणि तिथली संततिनियमनाची केंद्रे बंद पडली. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाने रोगप्रतिबंधासाठी म्हणून विकलेली साधने कायद्याबाहेर ठेवली. त्यामुळे औषधाच्या दुकानात कंडोम गुप्तरोग टाळण्यासाठी मिळत असे, गर्भधारणा टाळण्यासाठी मिळत नसे. वस्तू तीच, हेतू बदलला की गुन्हा.

हा कायदा रद्द व्हावा असा अर्ज बॉस्टनच्या १५ नामवंत डॉक्टरांनी १९३१मध्ये केला, त्यात एकच कॅथलिक होता आणि तो म्हणजे रॉक. पाळीच्या चक्रातील सुरक्षित दिवस मोजण्याची पद्धत चर्चला चालण्याजोगी होती, म्हणून १९३६मध्ये त्यांनी ती शिकवणारा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. अनुभवाने त्यांना तिच्या मर्यादा कळल्या. ज्यांची पाळी अनियमित, त्यांना ही मोजदाद उपयोगाची नव्हती. चाळिशीच्या दशकात ते हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना गर्भनिरोधक साधने कशी वापरायची हे शिकवू लागले. बाहेर ते गुन्ह्यात मोडत होते. कायदा बदलण्यासाठी १९४२ आणि १९४८मध्ये राज्यात मतदान झाले, चर्चने जोरदार विरोधी प्रचार केला आणि दोन्ही वेळा बदल फेटाळला गेला.

रॉक यांची ख्याती मात्र मुले होण्यासाठी उपचार करणारा डॉक्टर अशीच होती. त्यांच्या सहकारी मिरियम मेन्किन यांनी फेब्रुवारी १९४४मध्ये मानवी स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन घडवून दाखवले. जगात पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म व्हायला अजून ३४ वर्षे होती. वंध्यत्वावरच्या अशाच एका प्रयोगातून रॉक गोळीकडे वळले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी मूल न होणाऱ्या ८० स्त्रियांना काही महिने प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके दिली. त्या काळात त्यांचे बीजकोश विश्रांती घेत. औषध थांबवल्यावर चार महिन्यांत त्यांतल्या १३ जणींना दिवस गेले.

त्याच सुमारास ग्रेगरी पिंकस हे जीवशास्त्रज्ञ सशांवर हीच संप्रेरके उलट हेतूने वापरून पाहत होते. संततिनियमनाच्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर आणि श्रीमंत, विज्ञानाच्या पदवीधर कॅथरीन मॅककॉर्मिक यांचे पाठबळ त्यांना होते. माणसांवर चाचणी करायला डॉक्टर हवा होता. पिंकस यांनी रॉक यांचे नाव सुचवले तेव्हा सँगर नाखूश होत्या, कारण कॅथलिक डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसेना. पुढे त्यांचे मत बदलले.

१९५४च्या अखेरीस रॉक यांनी ५० स्त्रियांवर नव्या कृत्रिम प्रोजेस्टेरॉनची चाचणी सुरू केली. कागदोपत्री हा वंध्यत्वाचाच अभ्यास होता, कारण गर्भनिरोधनाचा अभ्यास म्हटले असते तर खटला झाला असता. गोळीचे काम असे चालते: स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर आणि गरोदरपणात शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि त्या अवस्थेत नवे बीज बाहेर पडत नाही. गोळी शरीराला तीच अवस्था भासवते. वीस दिवस गोळी घेऊन थांबले की पाळीसारखा रक्तस्राव होतो. हा रक्तस्राव वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता. मात्र त्यामुळे गोळी नैसर्गिक चक्राशी जुळणारी वाटे आणि रॉक यांना ते महत्त्वाचे होते. शरीरातलेच रसायन वापरून सुरक्षित दिवस लांबवले जातात, मग चर्चने हरकत का घ्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठी चाचणी १९५६मध्ये प्वेर्तो रिको बेटावरच्या एका गरीब वसाहतीत झाली, कारण तिथे संततिनियमन कायदेशीर होते. गोळी प्रायोगिक आहे हे तिथल्या बायकांना नीट सांगितले गेले नाही. वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयातील रुग्णांनाही ती देण्यात आली होती. प्वेर्तो रिकोतील चाचणी सांभाळणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले की गोळी नेमाने घेतल्यास गर्भधारणा होत नाही, पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या यांचा त्रास होतो आणि म्हणून ती सर्वांना देण्याजोगी नाही. पिंकस आणि रॉक यांनी या तक्रारी मनाचे खेळ म्हणून बाजूला सारल्या. रुग्णाच्या विवेकाचा मान राखणाऱ्या रॉक यांनी इथे रुग्णांचे म्हणणे ऐकले नाही.

त्या तक्रारींना कारण होते. पहिल्या 'एनोविड' गोळीत सुमारे १० मिलीग्रॅम कृत्रिम प्रोजेस्टेरॉन आणि ०.१५ मिलीग्रॅम इस्ट्रोजेन असे. आपल्याकडच्या 'माला-डी' गोळीतील इस्ट्रोजेन वेगळ्या प्रकारचे असले तरी त्याचे प्रमाण ०.०३ मिलीग्रॅम आहे. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो हे साठच्या दशकात सिद्ध झाले. १९७०मध्ये अमेरिकी सिनेटपुढे त्याची सुनावणी झाली आणि गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारी चिठ्ठी घालणे बंधनकारक झाले. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये हा आजचा वैद्यकीय सल्ला त्यातूनच आला आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९५७मध्ये एनोविडला पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून परवानगी दिली. ही गोळी घेताना स्त्रीबीज बाहेर पडत नाही, अशी सूचना सोबत होती. ती वाचून पाळीची तक्रार सांगणाऱ्या बायका अचानक वाढल्या आणि दोन वर्षांत सुमारे पाच लाख स्त्रिया ही गोळी घेऊ लागल्या. डॉक्टर पाळीचे कारण लिहीत, फार्मासिस्ट गोळ्या देत आणि खरे कारण तिघांनाही माहीत असे.

गर्भनिरोधक म्हणून परवानगीचा अर्ज आला तेव्हा फाइल पास्क्वाले डीफेलिस या पस्तिशीच्या आतबाहेरच्या डॉक्टरकडे होती. तेही कॅथलिक होते. १९५९च्या अखेरीस सत्तरीला टेकलेले रॉक वॉशिंग्टनला त्यांना भेटायला गेले. बराच वेळ ताटकळल्यावर भेट झाली. तरुण अधिकाऱ्याने वैद्यकीय शंकांबरोबर चर्च हे कधी मान्य करणार नाही असाही मुद्दा काढला. रॉक यांनी त्याला सुनावले की माझ्या चर्चला इतके कमी लेखू नकोस. डीफेलिस यांनी आणखी पुरावे मागवले, ते तपासले आणि १९६०मध्ये परवानगी दिली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच धर्माची माणसे होती आणि निर्णय औषधाच्या पुराव्यावर झाला. १९६३पर्यंत सुमारे २३ लाख अमेरिकी स्त्रिया गोळी वापरत होत्या.

पण रॉक यांच्या स्वतःच्या राज्यात १८७९चा कायदा तसाच होता. गोळी जिथे घडली, तिथेच ती गर्भनिरोधनासाठी लिहून देणे बेकायदा होते. १९६६मध्ये कायदा बदलला. त्यानुसार डॉक्टरने विवाहितेला चिठ्ठी द्यायची आणि नोंदणीकृत फार्मासिस्टने ती पाहून औषध द्यायचे. अविवाहितेला मनाई कायम राहिली. बिल बेअर्ड या कार्यकर्त्याने १९६७मध्ये बॉस्टन विद्यापीठातील व्याख्यानानंतर एका अविवाहित तरुणीला गर्भनिरोधक फेस दिला आणि अटक ओढवून घेतली. मार्च १९७२मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव रद्द केला.

दरम्यान रॉक चर्चशी वाद घालत राहिले. १९६३मध्ये त्यांनी एका कॅथलिक डॉक्टरची भूमिका मांडणारे पुस्तक लिहिले. ते गाजले, टीकाही झाली आणि त्यांना धर्माबाहेर काढावे अशी मागणी करणारी पत्रे आली. पोपनी नेमलेल्या आयोगातील बहुसंख्य सदस्य १९६६मध्ये बदलाला अनुकूल होते. तरीही जुलै १९६८मध्ये पोप सहावे पॉल यांनी सर्व कृत्रिम संततिनियमन निषिद्ध असल्याचे जाहीर केले. ७८ वर्षांच्या रॉक यांना हा घाव सोसला नाही. रोजची मिस्सा सुटली, श्रद्धाही हळूहळू ओसरली. न्यू हॅम्पशायरच्या ग्रामीण भागात शांतपणे राहून ४ डिसेंबर १९८४ रोजी, ९४व्या वर्षी ते वारले.

श्रद्धा शाबूत होती त्या सगळ्या वर्षांत त्यांनी एक विभागणी पाळली होती. स्वतः काय मानायचे ते चर्चमध्ये ठरे आणि समोरच्या बाईला काय द्यायचे ते तिच्या प्रकृतीवरून आणि तिच्या निर्णयावरून. आज वॉशिंग्टन राज्याचा नियम याच वाटेने जातो. फार्मासिस्टला बाजूला होण्याची मुभा आहे, मात्र दुकानातल्या दुसऱ्या कोणीतरी चिठ्ठीप्रमाणे औषध वेळेवर दिलेच पाहिजे. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ऐकण्यास नकार दिला. जुलै २०२३मध्ये अमेरिकेत इस्ट्रोजेन नसलेली 'ओपिल' ही गोळी चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. ती दुकानातल्या फडताळावरून स्वतःच उचलता येते. रोज घ्यायच्या इतर गोळ्यांसाठी मात्र बाईला अजून काउंटरपाशीच उभे राहावे लागते.